दारात आलेला माणूस कोणाचा?

(राळेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कर्ज देणाऱ्याचा प्रतिनिधी’ असं सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, “ताई, पत्रिकेवर शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा असं छापलं तर चालेल का?” मी नको म्हटलं. कर्जबाजारीपणावर या यवतमाळ जिल्ह्यात बोलून बोलून घसे बसले. समित्या येऊन गेल्या, पॅकेजं येऊन गेली, मंत्र्यांच्या गाड्यांची धूळ बसायच्या आत दुसऱ्या गाड्या आल्या. मला आज बोलायचं आहे ते कर्ज देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल. त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आणि घरादाराला भेटतो तो तोच.

ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात सावकारीची प्रकरणं लढवण्यात घालवली. उलटतपासणीतला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : “पैसे कोणाच्या हातून घेतले?” या एका प्रश्नावर समोरच्या पक्षाची निम्मी तयारी कोलमडत असे, कारण हात एकाचा, वही दुसऱ्याची आणि खरेदीखत तिसऱ्याच्या मेहुण्याच्या नावावर, असा तो सगळा मामला असायचा.

आज आपल्या तालुक्यात एखाद्या घरात कर्ज कसं येतं ते पाहा. पीककर्ज सोसायटीच्या गटसचिवामार्फत येतं. बियाणं आणि फवारणीचं औषध कृषी केंद्रातून उधारीवर येतं, आणि तिथं नगदीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. पेरणीच्या तोंडावर घरातलं सोनं सराफाकडे गहाण जातं. बाईच्या नावाचं कर्ज गटाच्या मीटिंगला मोटारसायकलवर येणाऱ्या ‘सायबां’कडून येतं. ट्रॅक्टरचं किंवा दुचाकीचं शोरूममधल्या टेबलावर बसलेल्या फायनान्सवाल्याकडून, आणि पोराचं मोबाईलमधल्या अॅपमधून. सराफ आणि कृषी केंद्रवाला सोडले तर यात एकाही ठिकाणी पैशाचा धनी स्वतः समोर येत नाही. येतो तो त्याचा माणूस. तो खरोखर त्याचा आहे का, त्याला कोणी नेमलं, काय बोलायचा आणि काय घ्यायचा अधिकार दिला, आणि तो चुकला तर भरून कोणी द्यायचं, या प्रश्नांची उत्तरं कायद्यात आहेत. आपल्या दारात मात्र ती पोचलेली नाहीत.

थोडं मागे जाऊ या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्या लोकांनी शोधून शोधून कागद जाळले, कारण गळ्याला लागलेला फास त्या कागदाचा होता आणि तो कागद त्यांना वाचता येत नव्हता. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. शेतकऱ्यानं करून द्यायचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे आणि तिथंच नोंदला गेला पाहिजे. म्हणजे देणारा, घेणारा आणि मध्ये एक असा माणूस, जो दोघांपैकी कोणाचाच नाही. त्या कायद्यात पावती देण्याची आणि हिशेबाचा उतारा देण्याचीही सक्ती होती.

तो कायदा मुळात पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांपुरता होता. आपण वऱ्हाडातले. १८५३ मध्ये आपला मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, आणि कापसामागे पैसा, पैशामागे सावकार आला. त्याच्या पेढीवर मुनीम आणि गावोगाव फिरणारा त्याचा वसुलीचा माणूस आला. मध्य प्रांत-वऱ्हाडाचा सावकारी कायदा १९३४ चा. त्याचा भर हिशेबावर होता. सावकारानं हिशेब नीट ठेवावा आणि ऋणकोला दरवर्षी उतारा द्यावा. मुनिमाबद्दल कायदा गप्प होता, आणि त्या काळी ते खपून गेलं. पेढी गावात होती, मुनीम कोणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुनिमानं आगळीक केली तर ओसरीवर जाऊन शेठला जाब विचारता येत होता. जाब मिळत होता का, ते सोडा. विचारायला ओसरी तरी होती.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. जुना मुंबई सावकारी कायदा १९४६ चा, त्याच्या जागी हा आला. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा त्यामागे मोठा रेटा होता. विधेयक २०१० मध्ये विधिमंडळात मंजूर झालं आणि दिल्लीत राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडकून पडलं. अखेर जानेवारी २०१४ मध्ये अध्यादेश काढावा लागला. कायदा म्हणून तो दणकट आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के अशी व्याजाची मर्यादा शासनानं ठरवली. बिगरशेती कर्जाला १५ आणि १८. आपल्याकडे ‘शेकड्याला पाच’ म्हणतात ते महिन्याचे पाच असतात, म्हणजे वर्षाचे साठ. चक्रवाढ चालत नाही आणि व्याजाची रक्कम मुद्दलाच्या पुढे जात नाही. कर्जापोटी खरेदीखत करून बळकावलेलं वावर पंधरा वर्षांच्या आतलं असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ते परत देववू शकतात. कलम १८. यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात हा अर्ज चालतो. त्यासाठी दिवाणी दावा लावून बसायची गरज नाही.

परवान्याच्या अर्जात एक रकाना आहे, माझ्या आजच्या विषयाचा. सावकाराचं खरं नाव तर लिहायचंच, शिवाय धंद्याच्या व्यवस्थापनाला जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचंही खरं नाव लिहायचं. धंदा दोन ठिकाणी असेल तर अर्जही दोन. परवाना ठरावीक क्षेत्रापुरता, त्याबाहेर व्यवहार करायचा नाही. म्हणजे ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न कायद्यानं विचारलेला आहे. पण तो दुकानात बसणाऱ्यापुरता. सावकारानं वसुलीला पाठवलेला भाचा, गहाणखताला साक्षीदार म्हणून उभा केलेला दलाल, आठवडी बाजारात व्याज गोळा करणारा पानठेलेवाला यांची नावं कुठल्या नोंदवहीत नसतात. कायदा त्यांना ओळखतो तो फक्त गुन्हा घडल्यावर. वसुलीसाठी कोणी ऋणकोच्या मागे मागे फिरला, दाराशी ठाण मांडून बसला, धमकावलं, तर तो उपद्रव ठरतो आणि तो करणारा, करवणारा दोघंही शिक्षेला पात्र ठरतात. हे चांगलं आहे. पण डोकं फुटल्यावर.

परवान्यातल्या त्या क्षेत्राच्या ओळीचा ऋणकोशी काय संबंध, असं कोणाला वाटेल. २०१५ मध्ये शासनानं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं स्वतः फेडायची ठरवलं. १० एप्रिल २०१५ चा तो निर्णय. तेव्हा सावकारानं आपल्या क्षेत्राबाहेरच्या शेतकऱ्याला दिलेलं कर्ज पात्र की अपात्र, यावर घोळ झाला आणि तो रेंगाळत राहिला. तुमचं सोनं ज्या दुकानात गहाण आहे त्याच्या परवान्यावर राळेगाव आहे की कळंब, हे कोण विचारून ठेवतो? पाप सावकाराचं आणि माफी अडली कास्तकाराची. परवाना हा सावकार आणि सरकार यांच्यातला खासगी कागद आहे, अशी आपली समजूत करून दिलेली आहे. ती मुळातून चुकीची आहे.

सावकारी कायद्याच्याही आधीचा एक कायदा आहे, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्यातलं दहावं प्रकरण धनी आणि त्याचा अभिकर्ता यांच्यावर आहे, आणि आज बँका, कंपन्या, अॅपवाले या साऱ्यांचा डोलारा त्याच्यावर उभा आहे. त्यातली दोन-तीन तत्त्वं सांगते. माणसानं धन्याच्या वतीनं, दिलेल्या अधिकारात केलेलं काम धन्याचंच काम धरलं जातं. ज्यानं काम स्वतः करायचं पत्करलं, त्यानं ते सहसा परस्पर दुसऱ्यावर ढकलायचं नाही. आणि कलम २३७ असं की, अधिकार दिलेला नसला, तरी धन्याच्या बोलण्या-वागण्यामुळे लोकांना तो दिलेला आहे असं वाटलं असेल, तर धनी बांधला जातो. कंपनीचा शर्ट, कंपनीची बॅग, कंपनीचं मशीन आणि कंपनीचंच कार्ड घेऊन जो माणूस दर पंधरवड्याला अंगणात येऊन बसतो, त्यानं घेतलेले पैसे ‘आमच्यापर्यंत आलेच नाहीत’ असं कंपनीला सहजासहजी म्हणता येत नाही, ते यामुळे.

आता बँक मित्र. गावातल्या दुकानात एक छोटं मशीन, अंगठ्याचं यंत्र आणि भिंतीवर बँकेचा फलक, एवढा त्याचा पसारा. २५ जानेवारी २००६ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं बँकांना असे व्यवसाय प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. त्यांनी लहान ठेवी घ्याव्यात, लहान कर्जाची रक्कम पोचवावी, हप्ते वसूल करावेत. सुरुवातीला ही मुभा स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था, टपाल कार्यालयं अशांपुरती होती. २०१० पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही हे दार उघडलं. तिथून साखळी लांबली. बँकेनं कंपनी नेमली, कंपनीनं गावात माणूस नेमला. आपल्यासमोर बसलेला हा प्रतिनिधीचा प्रतिनिधी झाला. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं पहिल्यापासून स्वच्छ आहे : प्रतिनिधी आणि त्याच्या हाताखालचे उपप्रतिनिधी यांच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी बँकेची. आणि प्रतिनिधीनं ग्राहकाकडून थेट शुल्क घ्यायचं नाही. शुल्क लावायचंच असेल तर ते बँक लावेल, प्रतिनिधीला त्याचा मोबदला बँकेकडून मिळतो.

हे वाक्य माझ्या तोंडून ऐकल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. पैसे काढायला गेलं की दहा-वीस रुपये हातावर ठेवावेच लागतात, हे मला ठाऊक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर आणखी वेगळी गंमत. बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली असतात, अंगठा लागत नाही. एकदा लावा, दोनदा लावा, हात पुसून लावा. मशीन काहीतरी बोलतं, पोरगा म्हणतो ‘झालं नाही, उद्या ये’, आणि पावती निघत नाही. झालं की नाही झालं, हे त्या बाईला पासबुक भरून आणल्याशिवाय कळायचं नाही आणि पासबुक भरायला शाखा तालुक्याला. म्हणून सांगते, व्यवहार झाला तरी पावती मागायची, फसला तरी पावती मागायची. बहुतेक पोरं प्रामाणिक असतात. त्यांना कमिशन तुटपुंजं मिळतं, म्हणून ते दहा रुपये घेतात. त्यांची अडचण मला कळते. पण ती त्यांनी बँकेकडे मांडायची आहे, तुमच्या पदराच्या गाठीकडे नाही.

मायक्रोफायनान्सवर, म्हणजे बायकांच्या गटाच्या कर्जावर, जरा थांबते, कारण आज या सभागृहात बायका जास्त आहेत आणि त्या उगीच आलेल्या नाहीत. आपला जिल्हा पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादला लागून आहे. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होता. २०१० मध्ये तिथं या कर्जांवरून हाहाकार झाला आणि ऑक्टोबरात आंध्र सरकारला अध्यादेश काढावा लागला. मग मालेगम समिती बसली, या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग झाला, नियम झाले. नोटाबंदीनंतर विदर्भातही हप्ते थकले, मोर्चे निघाले. आताची चौकट मार्च २०२२ च्या निर्देशांतून आली. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज ते सूक्ष्म कर्ज. त्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथं आलं नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईला मी विचारलं, कर्ज कोणत्या कंपनीचं? ती म्हणाली, “कोन्या कंपनीचं थे मले काय मालूम बाई? मंगळवारचं हाय.” मंगळवारचं, शुक्रवारचं, नव्या सायबाचं, पिवळ्या कार्डाचं. तिच्या घरातल्या कर्जांची नावं अशी वारांवरून, सायबांवरून नि कार्डांवरून पडलेली होती. पिवळं कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. वर ठळक अक्षरांत एका कंपनीचं नाव. खाली, बारीक अक्षरांत, दुसऱ्याच एका बँकेचं. म्हणजे अंगणात येणारा पोरगा कंपनीचा नोकर, कंपनी त्या बँकेची प्रतिनिधी आणि कर्ज बँकेचं. हप्ता चुकला की पोरगा बोलणार, पण तक्रार करायची ती बँकेविरुद्ध. बाईला बँकेचं नाव माहीत नव्हतं यात तिचा काय दोष? शिकलेल्या माणसाला ते कार्ड भिंगाशिवाय वाचता आलं नसतं.

यावर एक उपाय आलेला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना ठळक तथ्यांचं एक विवरणपत्र द्यावंच लागतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहायचं आणि त्याला समजावून सांगायचं, असा नियम आहे. त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर असतो. प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात किती पडले, ते कळतं. वसुलीसाठी बाहेरचा माणूस नेमण्याचं कलम करारात कुठं आहे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन कोणता, हेही त्यात लिहायचं असतं. तुमच्यापैकी कोणाला ते मराठीत मिळालं असेल तर कार्यक्रमानंतर मला दाखवा. मला ते पाहायचं आहे.

अॅपच्या कर्जाबद्दल थोडक्यात. तिथं पैसे देणारी बँक किंवा वित्तीय कंपनी मागे असते आणि पुढे दिसतो तो तिनं कामाला लावलेला सेवा पुरवठादार. सप्टेंबर २०२२ चे आणि मग मे २०२५ चे निर्देश सांगतात की पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत, पुरवठादाराचा मोबदला कर्जदाराकडून घ्यायचा नाही, आणि वसुलीचा माणूस गाठ घेणार असेल तर तो कोण हे कर्जदाराला आधी कळवायचं. नोंदलेल्या अॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. जे अॅप त्या यादीत नाही त्याच्या वाटेला जाऊ नका, एवढं घरातल्या पोरांना सांगा.

वसुलीच्या माणसांवर सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये एका खासगी बँकेच्या प्रकरणात ताशेरे ओढले. कर्ज वसूल करायला बँकांनी गुंड पाळू नयेत, कायद्याचा रस्ता धरावा, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २००८ ला, रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांतला कागदांचा भाग मी जरा जवळून दाखवते. वसुलीला आलेल्या माणसाजवळ तीन गोष्टी हव्यात : बँकेनं कर्जदाराला पाठवलेल्या सूचनेची प्रत, बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र. एजन्सी मध्येच बदलली तर बँकेनं ते कर्जदाराला कळवायचं आणि नव्या माणसानं नवे कागद आणायचे. वसुलीच्या माणसानं प्रशिक्षण घेतलेलं हवं. आणि कर्जदारानं बँकेकडे तक्रार दिलेली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत ते प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचंच नाही. हे शेवटचं कलम वाचून मी स्वतः चकित झाले होते. साध्या कोऱ्या कागदावर लिहिलेल्या, पोच घेतलेल्या तक्रारीत एवढं बळ आहे आणि ते वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

नियम मोडले की काय होतं याचं एक ठळक उदाहरण २०२२ चं. झारखंडमधल्या हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेताना त्याखाली सापडून एक गर्भवती स्त्री मेली, असा आरोप झाला. २२ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं महिंद्रा अँड महिंद्रा फायनान्शियल सर्व्हिसेस या कंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली आणि जप्ती तात्काळ थांबवायला सांगितलं. स्वतःच्या नोकरांकडून करा, म्हणाले. बंदी जानेवारी २०२३ मध्ये उठली. देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला साडेतीन महिने आपला ‘बाहेरचा माणूस’ वापरता आला नाही. मला या आदेशात एक कबुलीही दिसते. बाहेरचा माणूस काय करतो यावर धन्याची नजर पोचत नाही, म्हणूनच तो बंद करायची वेळ आली.

जगात इतरत्र काय करतात? ऑस्ट्रेलियाचं पाहू, कारण त्यांनी हा तिसरा माणूस कायद्याच्या मधोमध आणून बसवला. २००९ चा त्यांचा ग्राहक कर्ज संरक्षण कायदा २०१० पासून लागू झाला. ग्राहकांना कर्ज देणाऱ्याला आणि मिळवून देणाऱ्यालाही परवाना लागतो. परवानाधारकाला आपल्या वतीनं काम करायला प्रतिनिधी नेमता येतो, पण लेखी. नेमल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत ते नियामकाला कळवायचं. प्रतिनिधीला क्रमांक मिळतो आणि त्याचं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. ज्याच्यावर बंदी आहे त्याला नेमता येत नाही. प्रतिनिधी कंपनी असेल आणि तिला पुढे माणसं नेमायची असतील, तर मूळ परवानाधारकाची लेखी संमती लागते. आणि प्रतिनिधीनं दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, तरी त्याच्यावर ग्राहकानं रास्तपणे विसंबणं साहजिक असेल तर जबाबदार परवानाधारकच.

आपल्या नियमांशी ताडून पाहा. जबाबदारीच्या बाबतीत आपण मागे नाही, आपल्या रिझर्व्ह बँकेनंही ती धन्याच्याच गळ्यात घातली आहे. फरक यादीचा आहे. आपल्याकडे यादी बँकेच्या संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, इंग्रजीत, एजन्सीच्या नावानं असते. माणसाच्या नावानं, गावाच्या नावानं नसते. वडकीच्या किंवा वाढोण्याच्या एखाद्या घराला, आज दारात उभा असलेला हा पोरगा खरा की तोतया, हे पाच मिनिटांत कळेल अशी एकही जागा आपण ठेवलेली नाही. जबाबदारी कोणाची हे ठरलेलं आहे, पण ती ज्याच्यापासून सुरू होते तो माणूस बेनाम आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पदर खोचून सांगते आहे, कारण ही यादी तयार करायला फार खर्च नाही आणि नवा कायदाही नको.

कोणी म्हणेल, राज्य सरकारनंच कायदा करून या कंपन्यांना परवाना लावावा. तो रस्ता बंद आहे. १० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळ आणि गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. दोन मालक नकोत, हे तत्त्व म्हणून मला पटतं. पण मुंबईतल्या मालकाची नजर राळेगावच्या अंगणापर्यंत पोचत नाही, हा माझा अनुभव आहे. आपल्या तालुक्याचे सहायक निबंधक परवानाधारक सावकाराच्या दुकानात जाऊन वह्या तपासू शकतात. शेजारच्या गाळ्यातल्या वित्तीय कंपनीच्या शाखेत त्यांना तसा अधिकार नाही.

यादीमुळे हप्ता माफ होत नाही, हे मला माहीत आहे. कर्ज घेतलं तर फेडावं लागतं आणि नियमानं वागणाऱ्या माणसाला पैसे नाकारायचा सल्ला मी देणार नाही. यादीचा फायदा त्या मोटारसायकलवरच्या पोरालाही आहे. तो घाटंजीचा, पांढरकवड्याचा, आपल्यातलाच एखादा बी.कॉम. झालेला असतो. वर टार्गेट, खाली शिव्या, आणि खिशात दुसऱ्याची रोकड. तोतयांच्या गर्दीत त्याचं नाव वेगळं उठून दिसलं, तर त्याचीही मान ताठ राहील.

आता राळेगावचं म्हणून एक बोलते. आपल्या तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा आणि पंचायतीकडे द्यायला सांगितलं, आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रानं त्याचे नियमही केले. आपल्याकडच्या कोलाम आणि गोंड पाड्यांवर हा अधिकार कोणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो वित्तीय कंपन्यांपर्यंत किती ताणता येईल यावर वकील भांडतील, भांडू देत. पण ‘तुमच्या वतीनं आमच्या गावात कोण येतो, त्याचं नाव लेखी द्या’ एवढं मागायला कोणत्याच गावाला, पेसातल्या किंवा बाहेरच्या, कोणी अडवलेलं नाही. तालुकास्तरीय बँकर्स समितीपुढेही ही मागणी ठेवता येते. तहसीलदारांचं पत्र गेलं तर बँका यादी देतील. नाही दिली, तर ती का नाही दिली हे तरी कागदावर येईल.

तक्रारीचा रस्ताही सांगून ठेवते. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. फोन १४४४८. खासगी सावकाराची तक्रार तालुक्याला सहायक निबंधकांकडे आणि यवतमाळला जिल्हा उपनिबंधकांकडे. दमदाटी असेल तर पोलीस ठाणं, आणि तिथं ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकवलं तर सावकारी कायद्यातल्या उपद्रवाच्या कलमाची आठवण करून द्यायची.

ग्रामसभेच्या ठरावाचा एक मसुदा मी मराठीत लिहून आणला आहे. गावात कर्ज वाटायला किंवा वसूल करायला येणाऱ्यानं आपलं अधिकारपत्र ग्रामपंचायतीत दाखवावं आणि तिथल्या नोंदवहीत नाव, संस्था, मूळ कर्ज देणारी बँक आणि फोन क्रमांक लिहावा, अशी विनंती त्यात आहे. सक्ती नाही. विनंतीही जो पाळणार नाही, त्याच्याबद्दल गावाला जे कळायचं ते कळेल. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सरपंच आणि बचत गटाच्या अध्यक्षा असतील त्यांनी एकेक घेऊन जावी आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आतापासूनच लिहून द्यावा.